मुक्यापासून सावध

खरं नाव त्यांच्या कागदपत्रांवर होतं आणि तिथेच सुखात पडून होतं. बाकी सगळे त्यांना भोकवाले म्हणत. धंदा गॅसच्या शेकोट्या बसवायचा, वय एकसष्ट, मिशा पांढऱ्या, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. ज्या खोलीत शेकोटी बसवायची तिच्या भिंतीला आधी भोक पाडायचं, हा त्यांचा नेम. लोक हौसेने भिंतींना रंग काढून घेत, नवे पडदे शिवून घेत, आणि मग हे गृहस्थ हातभर लांबीचं ड्रिल घेऊन दारात उभे.

ज्या दुकानासाठी ते काम करत, त्याचे मालक फार गोड बोलणारे. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: लाकूड नको, राख नको, धुराडं नको, काळजी नको. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या होत्या. चौथीसाठी मालकांनी भोकवाल्यांना पगारावर ठेवलं होतं.

शेकोटी दिसायला मात्र देखणी. आतले ओंडके भाजलेल्या मातीचे, निखारे काचेचे, राख म्हणजे रंगवलेली रेती. सगळं खोटं, ज्योत तेवढी खरी. आणि लोक त्या खोट्या ओंडक्यांवर असे भाळत, की खऱ्या ज्योतीला खायला हवा लागते हे विचारायचंच राहून जाई.

गिऱ्हाइकं तरी कशी एकेक! एका बाईंनी गच्चीसाठी फायरपिट, म्हणजे गॅसचं अग्निकुंड, घेतला. तो उघड्यावर ठेवायचा असतो, म्हणून घेतला गच्चीसाठी. आणि गच्ची उघडी बरी दिसत नाही म्हणून त्याच्यावर झालरीचा कापडी मांडव घातला. वर भोकवाल्यांनाच विचारतात, "उन्हाने मांडवाचा रंग उडेल का हो?"

"रंग उडायला वेळ लागतो बाई," भोकवाले म्हणाले, "त्याच्या आत मांडवच उडेल."

दुसऱ्या एका गृहस्थांना दुकानातले दगड गरीब वाटले. त्यांनी नदीवरून छान गुळगुळीत गोटे वेचून आणले आणि फायरपिटमध्ये रांगोळी काढावी तसे रचले. नदीतल्या गोट्यांच्या पोटात पाणी असतं. तापले, आणि लागले फटाफटा फुटायला. एक गोटा कुंपणावरून शेजाऱ्यांच्या चहाच्या टेबलावर जाऊन पडला. त्या गृहस्थांनी दुकानात तक्रार केली की शेकोटी सदोष आहे.

आता भोकांचं एवढं वेड या माणसाला लागलं कुठून, ते सांगायला हवं. नवीन लग्न झालेलं, भाड्याची एक खोली, कडाक्याची थंडी. हातात कला आणि अंगात मस्ती. कुठल्याशा जुन्या हीटरचा बर्नर काढून त्यांनी घरीच शेगडी जोडली आणि बायकोला म्हणाले, बघ आता कसं राणीसारखं ठेवतो. राणी पहाटे उठली ती भिंतीला धरून, दोन पावलं चालली आणि उंबऱ्याशी कोसळली. यांचंही डोकं घणाचे घाव घातल्यासारखं. शेजाऱ्यांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, दाराला खाली बोटभर फट होती, तेवढ्या हवेवर वाचलात. बायको शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "दारही यांनीच बसवलं होतं. म्हणून फट होती."

त्या दिवसापासून ते दुसऱ्यांच्या भिंतींना मुद्दाम फटी ठेवू लागले.

ज्या वायूने हे केलं त्याचं लांबलचक नाव त्यांना घडघडा म्हणता येत असे. पण ते म्हटलं की समोरच्याचा चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा होई. म्हणून त्यांनी आपलं साधं नाव काढलं: मुका. गॅस गळला तर निदान वास येतो, बोंब मारतो. हा बोलत नाही, दिसत नाही, वास देत नाही. गुपचूप डोकं जड करतो, झोप आणतो आणि झोपलेल्याला झोपूच देतो. मुका शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता असं नाही, बायकोमुलांचा माणूस. पण ड्रिल हातात घेतलं की तो अर्थ त्यांच्या डोक्यात शिरतच नसे. आणि दुकानातली माणसं एवढी चांगली करमणूक आपण होऊन कशाला बंद करतील?

तर अशा या भोकवाल्यांची एकुलती एक लेक. तिला दिली होती शिकलेल्या घरात. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. बत्तीस वर्षं शाळेत काढलेली, त्यामुळे घरातही घंटा झाल्यासारखं सगळं चालायचं. जावई बँकेत, स्वभावाने गरीब. आई आणि बायको दोघी एकदम बोलायला लागल्या की तो चष्मा पुसायला घेई. आणि नुकतीच झालेली नात, चार महिन्यांची, मुठीएवढं तोंड आणि कर्ण्याएवढा आवाज.

विहीणबाईंच्या मनाने शेकोटी घेतली. शेजारच्या इंजिनिअरीणबाईंकडे होती, हे त्याला कारण नव्हतं; बाळाला ऊब हवी, हे कारण होतं. शेकोटी आली आणि बसवायला अर्थातच व्याही आले. दिवाणखान्याला आठच दिवसांपूर्वी मोतिया रंग दिलेला. भोकवाल्यांनी भिंतीवर पेन्सिलीने गोल काढला.

"हे काय व्याही?"

"भोक पाडायचंय विहीणबाई. हवेसाठी."

"अहो, ऊब यावी म्हणून आम्ही शेकोटी घेतली, आणि तुम्ही थंडीला आत यायला दार करून देताय?"

"थंडी आली तर शाल घेता येते. हवा नसली तर काय घेणार?"

"खिडकी आहे की!"

"खिडकी तुम्ही लावाल. भोक लावता येत नाही."

"आणि पाहुण्यांनी विचारलं, भिंतीला हे काय झालंय, तर काय सांगू?"

"सांगा, व्याह्यांनी पाडलंय. तेवढीच माझी जाहिरात."

लेक स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी खुणावत होती, की बाबा, पुरे. तिला वडिलांची लाज वाटत होती असं नव्हे. पण लहानपणी वर्गात "भोकवाल्यांची" म्हणून हाक ऐकलेली, आणि आता ते माप ओलांडून तिच्या सासरी आलं होतं. जावई चष्मा पुसत होता. ड्रिल सुरू झालं आणि मोतिया रंगाचा भुगा विहीणबाईंच्या पायाशी पडला.

भोक पाडून, जाळी बसवून, सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून गळती बघून झाली. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक पांढरी डबी काढून भिंतीला लावली. मुका वाढला की ही किंचाळते, म्हणाले. आणि शेवटी शेकोटीच्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवला. त्यावर त्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत मजकूर होता:

"मुक्यापासुन सावध. भोक बंद केल्यास मूका येतो. तो दिसत नाही. बंद खोलीत मुका घेउ नये. लहान मुलं व म्हातारे यांना मुका लवकर चढतो."

विहीणबाईंनी पाटी वाचली. चष्म्यावरून पुन्हा वाचली. मग लाल पेन आणलं आणि चुका दुरुस्त केल्या. ऱ्हस्वदीर्घ एकदम चोख झालं. अर्थ तपासायचा राहिला.

पुढचं सगळं एकाच दुपारी झालं. विहीणबाईंच्या जुन्या शाळेतल्या पाचजणी नवी शेकोटी बघायला आल्या. चहा झाला, कौतुक झालं, आणि गणिताच्या बाईंनी पाटी मोठ्यांदा वाचली. बंद खोलीत मुका घेऊ नये! म्हातारे यांना लवकर चढतो! पाचहीजणी अशा हसल्या, की चित्रकलेच्या बाईंना ठसका लागून पाणी द्यावं लागलं. एक म्हणाली, "मुख्याध्यापिकाबाई, या वयात पाटी लावायची वेळ आली का?" बत्तीस वर्षांत ज्यांच्यापुढे कुणाची हसायची छाती झाली नव्हती, त्यांनी त्याच मिनिटाला पुठ्ठा टरकावून काढला.

मग गणिताच्या बाईंच्या पाठीला वारा लागायला लागला. कुठून येतो म्हणून शोधलं तर भोक. विहीणबाईंनी एक जुना टॉवेल भोकात गच्च कोंबला आणि वरून आपलं सेवापूर्तीचं सन्मानपत्र टांगलं, फ्रेमसकट. बरोब्बर मापात बसलं. बत्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेमागे टॉवेल कुणाला दिसतोय?

तासाभराने पांढरी डबी किंचाळायला लागली. पाहुण्यांना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. विहीणबाई म्हणाल्या, "व्याह्यांचं सामान सगळं असंच, जुनंपानं," आणि डबीतले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. रिमोट कालपासून बंदच होता. एका कामात दोन कामं.

यातलं भोकवाल्यांना काही कळलं नाही. लेकीने फोनवर सांगितलं नाही. कशाला उगीच बाबांना लागेल, असं तिला वाटलं. आठ दिवसांनी, रविवारी दुपारी, ते नातीला बघायला गेले.

दार उघडलं तशी गरम, कोंदट वाफ तोंडावर आली. खिडक्यांच्या काचा आतून घामाने डबडबलेल्या. शेकोटीच्या काचेवर वर काजळीची टोपी. जावई सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपलेला. विहीणबाई कपाळाला पट्टी बांधून बसलेल्या.

"या व्याही. चार दिवस झाले डोकं ठणकतंय मेलं. चष्म्याचा नंबर बदलला असणार."

"आणि बाळ?" भोकवाल्यांनी विचारलं.

"तिचं काही विचारू नका! एवढी शहाणी झालीय. पहिल्यांदा काय रडायची. आता ऊब मिळाली ना, दिवसभर इथे निजते. दुपारी दुधाला उठवावं लागतं."

भोकवाल्यांच्या हातातली खाऊची पिशवी तिथेच दाराशी पडली. त्यांनी आधी पाळण्यातून पोरीला उचललं. मान खांद्यावर लुळी पडली, डोळे किलकिले झाले आणि परत मिटले. एका हाताने तिला छातीशी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी शेकोटीची चावी फिरवली, मग एकेक करून खिडक्या उघडल्या. खिडकी फुगून बसली होती तिला लाथ घातली.

"व्याही! बाळाला वारा लागेल!"

"लागू दे."

"अहो, हा काय प्रकार..."

"सगळे बाहेर चला. आधी बाहेर. ए पोरी, गॅस बंद केलाय, तू पण ये. जावईबुवा, उठा! उठा म्हणतो ना!"

लेकीने वडिलांचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. मुलीच्या सासरी ते खुर्चीच्या कडेवर बसत, चहाने घसा भाजला तरी बरा आहे म्हणत. ती स्वयंपाकघरातून पदर सावरत धावत बाहेर आली. जावई उठला तो झोकांड्या देत. जिन्यावर गार वाऱ्यात सगळे उभे. भोकवाले नातीच्या तळव्यांवर टिचक्या मारत होते, कानाशी बोलत होते, "रड गं बाई, रड. आजोबांना शिव्या दे."

पोर रडेना.

रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत लेकीने एकच प्रश्न तीनदा विचारला, "बाबा, ती उठेल ना?" आणि तिन्ही वेळा भोकवाले रिक्षावाल्याला म्हणाले, "जोरात घे."

डॉक्टरीणबाईंनी प्राणवायूचा मुखवटा लावला, रक्त तपासायला घेतलं, बाकीच्या तिघांनाही ओळीने बाकावर बसवून मुखवटे दिले. "घरात गॅसची काही वस्तू? हवा यायला जागा आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," भोकवाले म्हणाले. "मी स्वतः पाडलंय भोक."

मुखवट्याआडून विहीणबाई काहीतरी म्हणाल्या. मुखवटा बाजूला करून पुन्हा म्हणाल्या, "त्यात टॉवेल आहे."

भोकवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागवायची त्यांची सगळी तयारी होती. पण कपाळाला पट्टी, तोंडाला मुखवटा, आणि मधून दिसणारे ते घाबरलेले डोळे बघून राग कुठे ठेवावा तेच कळेना.

तासाभराने पोरीने डोळे उघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत, आता धोका नाही, दोन दिवस राहू दे. भोकवाले दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. नंतर ते लेकीच्या घरी गेले, शेकोटीची चावी उपटून काढली, सिलिंडर बाहेर नेऊन ठेवला आणि चावी खिशात घालून घरी गेले.

आता एवढं झाल्यावर विहीणबाई पाया पडतील असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने मुख्याध्यापिका पाहिलेली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांचा फोन. आवाज साखरेत घोळलेला.

"अहो, तुमच्या विहीणबाईंची तक्रार आहे. दोष शेकोटीत आहे की बसवण्यात, ते लेखी द्या म्हणतात. आणि म्हणे तुम्ही चावी चोरून नेलीत?"

"नेली."

"गिऱ्हाइकाची वस्तू आहे ती! परत द्या आजच्या आज. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा. त्याला आधी भोकं पाडायला शिकवा."

चौतीस वर्षांची नोकरी त्या वाक्यावर टांगून त्यांनी फोन ठेवला. बायकोने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "चावी दिली नाहीत ते बरं केलंत. दिली असतीत तर तुम्हाला जेवायला मिळालं नसतं."

काळजी नोकरीची नव्हती. पोरीला आज घरी सोडणार होते. विहीणबाईंनी दुसऱ्या कुणाकडून दुसरी चावी आणवली तर? चावी काय, कुठेही मिळते. बापाने सासरी जाऊन एकदा ओरडून झालं. रोज कोण ओरडणार? पोर पुन्हा त्याच खोलीत निजणार. ते सबंध सकाळ खिशातली चावी चाचपत बसले.

दुपारी दारावर थाप पडली. विहीणबाई. एकट्या. हातात कापडी पिशवी, चेहरा तपासणीला अधिकारी आल्यासारखा.

बायकोने पाणी दिलं. विहीणबाई घोटभर प्यायल्या आणि त्यांनी पिशवीतून एक वही काढली.

"व्याही, मला त्या वायूचं नीट सांगा. पहिल्यापासून."

"डॉक्टरांनी सांगितलं असेल की."

"त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मी मान डोलावली. मला काही कळलं नाही." एवढं म्हणायला त्यांना जे कष्ट पडले ते त्यांच्या गळ्यावरच्या शिरेवर दिसले. "तुमच्या सूनबाई..." त्या थांबल्या. "माझ्या सूनबाई, तुमची लेक, काल मला म्हणाली, बाळ त्या घरात येणार नाही. भिंतीत भोक दिसेपर्यंत येणार नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. दोन वर्षांत वर मान करून बोलली नव्हती."

भोकवाल्यांच्या मिशीच्या आत काहीतरी हललं.

"टॉवेल काढलाय मी," विहीणबाई म्हणाल्या. "सन्मानपत्र माळ्यावर टाकलं. सेल डबीत घातले. रिमोट बंद आहे, जाऊ दे. आता सांगा."

त्यांनी सांगितलं. ज्योतीला हवा लागते, माणसालाही लागते, बंद खोलीत दोघांची ओढाताण होते. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की ती अर्धवट जळते, आणि त्या अर्धवटपणातून मुका निघतो. तान्ह्याला आधी चढतो कारण ते भराभरा श्वास घेतं. काचेवर काजळी आली, खिडक्यांना घाम आला, घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर आधी शेकोटी बंद, मग खिडक्या, मग बाहेर. आणि निजायच्या आधी शेकोटी बंद, कायम, भोक असलं तरी. विहीणबाई लिहून घेत होत्या, समास सोडून, शीर्षकाखाली रेघ मारून.

"मुका," त्या लिहिता लिहिता थांबल्या. "हा शब्द बदलता नाही येणार?"

"दुसरा शब्द लक्षात राहील?"

विहीणबाईंनी विचार केला. "नाही," म्हणाल्या आणि तोच लिहिला.

मग वही मिटून त्यांनी मालकांचा विषय काढला. त्यांनी स्वतः जाऊन तक्रार मागे घेतली होती. नुसती मागे घेतली नव्हती. काचेवरच्या "काळजी नको" या ओळीखाली भोकाबद्दल एक ओळ लिहायला लावली होती, आणि मालकांनी लिहिलेल्या ओळीतल्या दोन चुका तिथल्या तिथे दुरुस्त केल्या होत्या. मालक म्हणे हात जोडून उभे होते. एकदा मुख्याध्यापिका तावडीत घेतात म्हणजे काय, ते आता त्यांनाही कळलं.

संध्याकाळी भोकवाले लेकीकडे गेले. भोक मोकळं. जाळीवर तळहात धरला, वारा गार लागला. त्यांनी खिशातून चावी काढून लेकीच्या हातात दिली, विहीणबाईंच्या नाही. विहीणबाईंनी ते पाहिलं. शाल तेवढी आणखी आवळून घेतली. शेकोटी पेटवली. खोलीत ऊब कमी आणि वारा जास्त. जावयाने कानटोपी घातली. अशी महागाची, देखणी शेकोटी घेऊन कुडकुडत बसलेलं घर दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

आणि आतल्या खोलीत पोर रडत होती. दूध नको, पाळणा नको, आई नको. टाहो फोडून, लाल होऊन, छत खाली आणेल अशी रडत होती.

"तासभर झाला," विहीणबाई म्हणाल्या. "घर डोक्यावर घेतलंय. ऐकताय ना व्याही?"

"ऐकतोय," भोकवाले म्हणाले, खुर्चीत चांगले मागे रेलून बसले आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.